पोलादपूरच्या पंपावरचा तांबडा दिवा

१

ललितानं पंपावरची चादर ओढून काढली, तसा हैबतीचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

पंप मात्र देखणा झाला होता. माणसाहून उंच, लोखंडी, नव्यानं रंगवलेला खांब. त्यावर भल्यामोठ्या बरणीएवढं काचेचं नळकांडं, आणि त्याच्या बाजूला गॅलनचे आकडे कोरलेली पितळी पट्टी. हातानं दांडा मारला की पेट्रोल आधी या काचेत चढायचं. गिऱ्हाइकानं डोळ्यांनी माप बघायचं, आणि मग ते आपल्या वजनानं नळीतून मोटारीत उतरायचं. काचेच्याही वर, बगळ्याच्या मानेसारख्या वाकलेल्या नळीच्या टोकाला, पांढऱ्या एनॅमलच्या टोपीखाली बल्ब.

महाडच्या एसटी वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर ललिताच्या आबांना, म्हणजे श्रीपत फिटरना, या पंपांचं वेड लागलं होतं. हमरस्त्याकाठी गंजत पडलेले जुने पंप ते शोधून आणत, खोलत, घासत आणि पुन्हा उभे करत. घरामागच्या शेडमध्ये असे बरेच जमले होते. वस्तीतली माणसं म्हणायची, ‘श्रीपतभाऊंनी पंपांचा आश्रम काढलाय.’ हा त्यांचा शेवटचा पंप. तो पुरा झाला आणि दिवाळीनंतर आबा गेले. आता पौष चालू होता.

“दिवा कुठं हाय?” हैबतीनं विचारलं.

“हा काय, दादा.” ललितानं वर बोट केलं.

“हा नाय गो. तांबडा. माझ्या बापाच्या पंपावर तांबडा दिवा व्हता.”

हैबतीबरोबर त्याच्या भावकीतला सयाजी आला होता. त्यानं शेडमध्ये सगळीकडे नजर फिरवली. “मी म्हणत व्हतो ना तुला? गोठ्यातून हाललं की गेलं.”

हैबतीचा बाप मालोजी स्वातंत्र्याच्या आधी हा पंप चालवायचा. पोलादपूरजवळ महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, त्या फाट्यावर. साहेबांच्या आणि शेठजींच्या मोटारी घाट चढण्यापूर्वी तिथं थांबायच्या. मग मालोजी तापानं गेला, पंप बंद पडला, आणि तेव्हापासून तो गोठ्यात पेंढ्याखाली पडून होता. आबांनी मागितला तेव्हा हैबतीनं बदल्यात काही घेतलं नाही. त्याचं मागणं एकच होतं. बापाचा दिवा एकदा पेटलेला बघायचा.

“मला बापाचं तोंड आठवत नाय, बाई,” तो म्हणाला. “त्याचा आवाज आठवत नाय. आठवतो तो एवढा दिवाच. तुझ्या आबाला मी माजघरात माझ्या शेजारी पाटावर बसवला. भावकीनं तोंडं वाकडी केली, तरी बसवला. आता हेच मला रोज विचारतील, काय रे, दिवा कुठं गेला?”

“आबांनी तो कशाला घेतला असता?”

“ते मी कसं सांगू? रविवारी टेम्पो घेऊन येतो. तोवर दिवा दिसला तर ठीक. नाय तर चौकीत जाऊन नाव देणार.”

“कोणाचं नाव?”

उत्तर सयाजीनं दिलं. “मेलेल्याचं नाव लिवून घेत्यात का, ते आधी विचारावं लागंल.”

२

ललिता महाडच्या शाळेत इतिहास शिकवायची, आणि मिळेल ते वाचायची. वाचलेल्यापैकी एक गोष्ट तिला त्या दुपारी उपयोगी पडली. चोर शोधण्याआधी चोरीला काय गेलं ते नीट बघावं.

तिनं शिडी लावली आणि पंप वरपासून खालपर्यंत तपासला.

काचेवरचं झाकण बिडाचं, सलग. त्याला ना वायरीसाठी भोक, ना स्क्रूचे आटे. तिथं कधी दिवा बसला असेल असं दिसेना. वाकलेल्या नळीला कुठंही आकडा नव्हता, टांगल्याची खूण नव्हती. टोपी आतून पांढरी, बल्ब साधा. त्या बल्बची वायर नळीच्या पोटातून खाली आली होती आणि तिच्या टोकांना मोटारीच्या बॅटरीला लावतात तसे जाड चिमटे होते. म्हणजे फाट्यावर वीज नसताना मालोजी बॅटरीवर दिवा लावत असणार.

काच स्वच्छ होती, फक्त आतल्या अंगानं, पट्टीवरच्या सर्वांत वरच्या आकड्याच्या रेषेत, एक फिकट गुलाबी कडं उरलं होतं. आबांच्या हातून डाग राहिलेला तिनं कधी पाहिला नव्हता. आजारपणात राहिला असेल, असं म्हणून ती शिडीवरून उतरली.

खाली सोमाकाका उभा होता. तुडीलचा सोमा वेल्डर, आबांचा जुना सोबती. पंप आणायला तोच बरोबर गेला होता.

“काका, हैबतीदादांच्या गोठ्यातून हा काढला तेव्हा वर काय होतं?”

“उंदरांचं बाळंतपण,” सोमा म्हणाला. “पेंढ्यात गुलाबी पिल्लं. तुझे आबा म्हणाले, डोळे उघडूदेत त्यांचे, मग उचलू. आठ दिवसांनी परत गेलो आम्ही.”

“दिवा होता का?”

“हाच. टोपी चेपलेली व्हती, ती मी ठोकून सरळ केली. तांबडं काय नव्हतं.” मग त्याचा आवाज चढला. “माझ्यावर संशय घेतेस काय गो?”

“सगळ्यांवर घेते आहे.”

“मग घे. भाऊंची पोर शोभतेस.” तो बाकावर टेकला. बराच वेळ त्यानं विडी नुसती बोटांत फिरवली. “एक सांगतो. सांगावंसं वाटत नाय, पण दुसऱ्या कोणाकडनं कळण्यापरीस माझ्याकडनं कळू दे. दसऱ्याच्या सुमारास भाऊ मुंबईला गेले व्हते. एकटे. मी एसटीवर सोडायला गेलो. काखेत गोधडीचं गाठोडं, आणि कोणाला हात लावू देईनात. मी विचारलं, काय हाय? म्हणाले, काच हाय, सोमा, धक्का लावू नको.”

“कसली काच?”

“ते नाय सांगितलं. आणि परत आले तेव्हा मी स्टँडवर नव्हतो.”

३

मुंबईला नेलेली काच. ललितानं तो विचार बाजूला ठेवला आणि आधी मुरारीकडे गेली. मुरारीनं महाडबाहेर हमरस्त्यावर नवीन हॉटेल काढलं होतं, आणि त्या हॉटेलच्या दारात तांबडा दिवा होता.

दिवाळीपासूनच होता.

“या बाई, या! मास्तरीणबाई हॉटेलात म्हणजे वडे संपले समजायचे,” मुरारी गल्ल्यावरून उठला. तिची नजर दिव्यावर गेलेली पाहून खूश झाला. “आवडला ना? सगळ्यांना आवडतो. ट्रकवाले तर म्हणतात, शेठ, इथं आपोआप ब्रेक लागतो.”

“कुठून आणलात?”

“मुंबईच्या दारूखान्यातून. तिथं बोटी तोडतात ना, तिथून. बोटीच्या डाव्या अंगाचा दिवा आहे हा. उजव्याचा हिरवा असतो, तो नाही मिळाला. नाहीतर दाराला दोन्हीकडून लावला असता.”

“खाली काढून दाखवता?”

“त्यात काय!” त्यानं स्टूल घेतलं. दिवा चांगलाच जड होता. तांबडी काच फक्त पुढून आणि एका बाजूनं. पाठ पितळेची, सपाट, भिंतीला बोल्टानं बसवायची. ललितानं बोल्टांच्या भोकांत बोट घालून पाहिलं. गोल खांबावर हा बसायला जागाच नव्हती, आणि बसला असता तरी त्याचा उजेड एकाच दिशेला पडला असता. महाडकडून येणाऱ्या मोटारींना दिसला असता, तर घाटातून येणाऱ्यांना दिसला नसता. मोटारींसाठीच तर पंप.

“तुमचा संशय कळला मला,” मुरारी दिवा परत अडकवताना म्हणाला. त्याचा थट्टेचा सूर गेला होता. “मी श्रीपतभाऊंच्या मागं लागलो होतो, खरं आहे. तो पंप माझ्या दारात उभा करा म्हटलं. ते म्हणाले, तो दुसऱ्याचा आहे, मी फक्त दुरुस्त करतोय. असं बोलणारा माणूस दिवा विकेल?”

“नाही विकणार.”

“मग माझ्या तोंडाकडं काय बघता? विडा देऊ का?”

ललिता घरी निघाली. मुरारी सुटला होता. सोमाकाकाला तिनं मनातून केव्हाच सोडलं होतं. मग उरलं कोण? ते नाव घ्यायला तिची जीभ वळेना, आणि तरीही तेच नाव उरत होतं.

४

आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. ललिता तिच्याजवळ बसली आणि काही वेळ नुसती तिच्या सुपातले खडे वेचत राहिली.

“आई, आबा मुंबईला काय घेऊन गेले होते?”

जानकीबाईंनी मान वर केली नाही. “सोमानं सांगितलं वाटतं. पोटात काय ठरत नाय त्याच्या.”

“काय होतं गोधडीत?”

“पंपाची काच. दुसरं काय असणार? माझी चांगली गोधडी नेली. मी म्हटलं, जुनी घ्या, तर म्हणे जुनी पातळ हाय.”

“तांबडी काच?”

“तांबडी कशाला? ती आता वर बसवलीय तीच. आतल्या बाजूनं डाग व्हता. सोड्यानं जाईना, राखेनं जाईना. तेव्हा मुंबईच्या कोण्या जुन्या काचवाल्याला दाखवायला नेली.”

काच गेली होती आणि परत आली होती. आबांनी काहीच विकलं नव्हतं. तिला मोठ्यानं श्वास सोडावासा वाटला, पण आईसमोर तिनं तो हळूच सोडला.

“काचवाला काय म्हणाला?”

“म्हणाला, हा मळ नाय. पूर्वी पेट्रोलात शिसं असायचं, तो विषारी माल ओळखू यावा म्हणून रंग घालायचे. तो बसलाय. खरवडलंत तर काचेला चरे पडतील.” जानकीबाईंनी सूप पाखडलं. “दुसऱ्या काचा त्यांनी लख्ख केल्या, ही तेवढी ठेवली. म्हणाले, हे आता धुवायचं नाय.”

“का ते नाही सांगितलं?”

“मी विचारलं नाय गो. मला वाटलं, दमले असतील.”

अंगणात कोंबडी निवडलेल्या खड्यांना चोच मारून फसत होती.

आबांवरचा संशय गेला, पण दिव्याचं कोडं तसंच होतं. हैबती खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला बापाचं तोंड आठवत नाही हे सांगायचं धाडस होत नाही. मग नसलेला दिवा त्यानं पाहिला कसा?

५

हैबतीचं घर पोलादपूरच्या अलीकडे टेपावर, लहानशा टेकाडावर होतं. ओटीवर बसलं की शेतांच्या पलीकडे फाटा दिसे. रस्त्यावरून जाणारा ट्रक काडेपेटीएवढा वाटे.

“दिवा आणलास?” हैबतीनं विचारलं.

“विचारायला आलेय. तुम्ही तो कुठून बघायचात?”

“हितनंच. या ओटीवरनं.”

“जवळ जाऊन?”

“बाप येऊ द्यायचा नाय. पेट्रोल हाय, लांब ऱ्हा, आईजवळ बस. घरातलं कोणीच तिकडं जात नव्हतं.”

“रोज पेटायचा?”

“गाडी आली की. अंधार पडल्यावर गाडी आली की आई मला उचलून आणायची, बघ तुझ्या बापाचा दिवा.”

“आणि दिवसा? दिवसा तो दिवा कसा दिसायचा?”

हैबती बोलायला गेला आणि थांबला. “दिवसा... दिवसा बघितल्याचं आठवत नाय.”

सयाजी उंबऱ्यावर अडकित्ता घेऊन बसला होता. “दिवसा दिव्याकडं बघतंय कोण? शाळेत हेच शिकवता काय?”

तेवढ्यात आतून म्हाताऱ्या गळ्याचा आवाज आला. “भरायचा. मग वसरायचा.”

दाराआड मालोजीची बहीण ठकूबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळ्यांनी अंधूक, पण कान शाबूत.

“काय म्हणालात, आत्ये?” ललिता आत जाऊन तिच्याजवळ बसली.

“दिवा गो. खालनं वर चढायचा. सावित्री नदीला भरती येते ना, तसा भरत जायचा. मग जरा थांबायचा. मग वसरायचा, खाली खाली, आणि काळोख.”

सयाजी हसला. “म्हातारीचं हे असंच चालतं. दिव्याला म्हणे भरती-ओहोटी!”

“तू जन्मला तरी होतास काय रे मेल्या?” ठकूबाई म्हणाली. “मी बघितलाय. या डोळ्यांनी.”

ललिता हसली नाही. तिनं ठकूबाईचा हात हातात घेतला होता आणि तो तसाच धरून ती दाराबाहेर, दूरच्या फाट्याकडे बघत राहिली. मग उठली.

“हैबतीदादा, रविवारी दिवस मावळताना या. सयाजीभाऊंना आणा. आणि आत्यांनाही टेम्पोत बसवून आणा.”

“म्हातारीला कशाला? दिवा सापडला काय?”

“तो चोरीला गेलेलाच नाही. कुठं आहे ते कळलंय मला.”

६

रविवारी दुपारभर जानकीबाईंच्या चुलीवर मोठं पातेलं होतं.

“कोकमं? पंपात?” सोमानं कपाळाला हात लावला. “भाऊ असते तर माझी पाठ सोलली असती. मीठ पितळ खाईल गो!”

“बिनमिठाची सोलं आहेत,” ललिता म्हणाली. “आणि झाल्यावर तुम्ही साफ करणार आहात.”

“म्हणजे संशयातनं सुटलो ते या कामासाठी!”

कोकमांचं पाणी दोनदा पंच्यातून गाळून, साध्या पाण्यात मिसळून, पिंपात भरलं. शेजारच्या चारजणांनी पंप शेडबाहेर मोकळ्यावर आणून उभा केला. खालच्या नळीचं तोंड पिंपात सोडलं.

सूर्य डोंगराआड गेल्यावर टेम्पो आला. ललितानं टेम्पोवाल्याला विनंती करून त्याचीच बॅटरी काढून घेतली आणि चिमटे लावले. मग तिनं हैबतीला आणि सयाजीला हाताला धरल्यासारखं मागं नेलं, पार शेताच्या बांधापर्यंत. ठकूबाई टेम्पोच्या पुढच्या बैठकीवर होती. पंपाजवळ एकटा सोमा उरला, आणि संध्याकाळच्या करड्या उजेडात तोही दिसेनासा होत गेला.

“एवढ्या लांबनं काय दिसणार?” सयाजी कुरकुरला.

“तुमच्या ओटीवरून जेवढं दिसायचं तेवढंच. काका, लावा!”

बल्ब पेटला. टोपीखाली पिवळट पांढरा ठिपका.

“हा नाय,” हैबती म्हणाला. “सांगितलं ना तुला, हा नाय.”

“काका, दांडा मारा.”

लोखंड कुरकुरलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग ठिपक्याच्या खाली, हवेतच, एक तांबडी रेघ उमटली. रेघेची वाटी झाली. वरचा उजेड तिच्यात उतरला आणि ती आतून पेटली. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला ती वर चढत गेली, आणि सबंध काच काठोकाठ तांबडी झाली. खांब दिसत नव्हता, टोपी दिसत नव्हती. अंधारात नुसता एक मोठा, शांत, तांबडा दिवा उभा होता.

हैबतीनं सयाजीचा दंड धरला.

“तो काचेत होता,” ललिता हळू आवाजात म्हणाली. “त्या वेळी पेट्रोलात तांबडा रंग घालायचे. त्याचा डाग अजून काचेत आहे, सर्वांत वरच्या रेषेला. मालोजीकाका बॅटरी वाचवायचे, म्हणून गाडी आली की तेवढाच बल्ब लावायचे. दांडा मारला की काच भरायची आणि उजेड तिच्यातून तांबडा होऊन तुमच्या ओटीपर्यंत यायचा. गाडीत पेट्रोल सोडलं की काच रिकामी. आत्यांनी बरोबर सांगितलं. आपणच ऐकलं नाही. दिवसा तुम्हाला तो दिसला नाही, कारण दिवसा तो नसायचाच. झाकणाला भोक नाही, नळीला आकडा नाही. त्या पंपावर दुसरा दिवा बसायला जागाच नाही.”

सयाजी खाकरला. “म्हणजे चोरी...”

“चोरी कसली?” हैबती त्याच्याकडे न बघता म्हणाला. “उद्या भावकीला जमव. ओटीवर. मी सगळ्यांसमोर सांगणार, श्रीपतनं माझ्या बापाचा दिवा राखला. तू माझ्या शेजारी उभा ऱ्हायचास, तू सुद्धा बोलला व्हतास.”

“ऱ्हातो,” सयाजी पुटपुटला.

बांधावरून हैबती पंपाकडे चालू लागला. आधी भराभर, मग जवळ आल्यावर अडखळत, जणू कोणी मागून ‘लांब ऱ्हा’ म्हणेल. काचेपाशी तो थांबला. तांबडा उजेड त्याच्या तोंडावर, छातीवर, उघड्या तळव्यांवर पडला.

“दिवा चढायचा तो,” तो ललिताला म्हणाला, “आपसूक नव्हता चढत.”

“नाही.”

“दांडा मारत असायचा तो. प्रत्येक वेळी. मी ओटीवरनं बघत असायचो तेव्हा तो हितं, या दांड्याला व्हता.”

“हो, दादा.”

सोमानं तोटी फिरवली. काचेतलं पाणी खळखळत पिंपात उतरलं, दिवा खाली खाली गेला आणि विझला. कोणी सांगायची वाट न बघता सोमा बाजूला झाला. हैबतीनं दांड्याला हात घातला, चाचपून पकड घेतली, आणि अंगाचा भार टाकून तो मागं ओढला.

तांबडी रेघ पुन्हा उमटली.

टेम्पोतून ठकूबाईनं डोळ्यांवर हाताची झापड धरली होती. तिला माणसं दिसत नव्हती. तो चढता उजेड तेवढा दिसत होता.

“मालोजी,” तिनं हाक मारली, “गाडी आली काय रे?”

दांडा क्षणभर थांबला. मग पुन्हा हलला.

“आली गो,” हैबती म्हणाला. “भरतोय.”